बाजार खुला झाला, मग स्पर्धा कायदा कशासाठी?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एखाद्या विकसनशील देशाने परवाना पद्धत मोडीत काढली, आयातशुल्क उतरवले, परकीय गुंतवणुकीला वाट करून दिली आणि सरकारी उद्योग विकायला काढले. आता भाव बाजारच ठरवणार असेल, तर स्पर्धेसाठी वेगळा कायदा, म्हणजे कंपन्यांचे संगनमत, वर्चस्वाचा गैरवापर आणि विलीनीकरणे तपासणारा कायदा, आणि तो राबवायला आयोगासारखी आणखी एक सरकारी यंत्रणा कशाला हवी? प्रश्नाला जोडून दोन शंकाही आहेत. देशातील कंपन्या जागतिक कंपन्यांपुढे आधीच लहान आहेत, तेव्हा त्यांच्या वाढीला हा कायदा आडवा येणार नाही का? आणि जिथे न्यायालये तुंबलेली आहेत, प्रशिक्षित माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, तिथे असा कायदा राबवणार कोण? स्पर्धा कायद्याच्या प्रकरणांत मी बरीच वर्षे वकिली करतो आहे, कधी तक्रारदाराच्या बाजूने तर कधी ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्या बाजूने. दोन्हीकडून जे पाहिले त्यावरून सांगतो, की शंका रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे एका वाक्यात देता येत नाहीत.

माझे मत आधीच मांडतो. मुरलेल्या बाजार अर्थव्यवस्थेपेक्षा नुकत्याच खुल्या झालेल्या अर्थव्यवस्थेला स्पर्धा कायद्याची गरज अधिक असते, आणि ती खुलेपणाच्या अगदी पहिल्या वर्षांत असते. कायदा दहा-पंधरा वर्षांनी आला, तर तोवर कोणत्या क्षेत्रात किती खेळाडू उरणार, वितरणाचे जाळे कोणाच्या हाती राहणार आणि नव्याने येऊ पाहणाऱ्याला किती खर्च पडणार, हे सारे ठरून गेलेले असते. त्यानंतर आलेला आयोग गैरवर्तनाबद्दल दंड करू शकतो. बाजाराची घडण पुन्हा नव्याने मांडणे त्याला क्वचितच जमते.

नियंत्रित अर्थव्यवस्था मागे काय ठेवून जाते, ते प्रथम पाहू. परवान्यांच्या काळात कोणी किती उत्पादन करायचे हे सरकार ठरवते, त्यामुळे प्रत्येक उद्योगात मोजक्याच कंपन्या असतात आणि त्या एकमेकींची क्षमता, खर्च आणि ग्राहक नीट ओळखून असतात. सरकारला कोटा वाटायचा असतो, कच्च्या मालाचे वाटप करायचे असते, भाव मंजूर करायचे असतात, आणि त्यासाठी ते उद्योगाच्या संघटनेशी बोलते. म्हणजे स्पर्धकांनी एका टेबलाभोवती बसून आकडे एकमेकांसमोर ठेवणे, हे त्या काळात गैर नसते, उलट अपेक्षित असते. नियंत्रणे एका अधिसूचनेने उठतात. संघटना, तिच्या मासिक बैठका, त्याच खुर्च्यांवर बसणारी तीच माणसे आणि आकडे सांगण्याची सवय मात्र तशीच राहते. कार्टेल (भाव किंवा उत्पादन आपसात ठरवून घेणारा स्पर्धकांचा गट) टिकायला जे जे लागते, म्हणजे थोडे उत्पादक, एकसारखा माल, परस्परांची माहिती, नव्याने येणाऱ्याला अडसर आणि भेटण्याची एक जागा, ते सगळे नियंत्रणाच्या राजवटीने आयतेच तयार करून दिलेले असते. संगनमताची प्रकरणे चालवताना मला एक गोष्ट वारंवार दिसली आहे: पुरावा फार खोल लपवलेला नसतो, तो अनेकदा संघटनेच्या बैठकीच्या इतिवृत्तात असतो, कारण लिहिणाऱ्याला त्यात काही वावगे आहे असे वाटलेलेच नसते.

भारतातील सिमेंट हे याचे ठळक उदाहरण आहे. तिथे 1982 मध्ये भाव आणि वाटपावरील नियंत्रण अंशतः उठले आणि 1989 मध्ये पूर्णपणे उठले. त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने, जून 2012 मध्ये, भारतीय स्पर्धा आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांना संगनमतासाठी सुमारे 6,300 कोटी रुपयांचा दंड केला, आणि आयोगाच्या विचारात उद्योग संघटनेच्या माध्यमातून होणारी किमती व उत्पादनाच्या माहितीची देवाणघेवाण महत्त्वाची ठरली. या प्रकरणाचे पुढे काय झाले ते खाली सांगतो, कारण अंमलबजावणीच्या शंकेचे उत्तर त्यातच दडलेले आहे.

दक्षिण आफ्रिकेत हेच अधिक उघडपणे घडले. तिथे वर्णभेदाच्या काळात शेतमालाचा व्यापार नियंत्रण मंडळांच्या हाती होता आणि पावाचा भावही सरकार ठरवत असे. नव्वदच्या दशकात ही व्यवस्था मोडली. 1998 मध्ये स्पर्धा कायदा झाला, आणि त्याच्या प्रस्तावनेतच मूठभरांच्या हाती एकवटलेल्या मालकीचा उल्लेख आहे. 2006 च्या अखेरीस वेस्टर्न केप प्रांतातील मोठ्या बेकऱ्यांनी पावाचे भाव एकाच सुमारास वाढवले आणि छोट्या वितरकांना मिळणारी सूटही एकाच सुमारास कमी केली. तक्रार वितरकांनी केली. एका कंपनीने कबुली देऊन दंडातून माफी मिळवली, दुसरीने 2007 मध्ये सुमारे 9.9 कोटी रँड भरून तडजोड केली आणि तिसरीने लढत दिली. तिला 2010 मध्ये सुमारे 19.6 कोटी रँडचा दंड झाला. नियंत्रण उठल्यावर काही वर्षांतच सरकारी मंडळाच्या भावाची जागा खासगी संगनमताच्या भावाने घेतली होती. फरक इतकाच, की मंडळाला निदान संसदेत जाब विचारता येत होता.

आता आयातीचा मुद्दा. सीमा खुल्या केल्या की परदेशी माल देशी मक्तेदाराला वठणीवर आणतो, हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. ज्या वस्तू सहज वाहून नेता येतात, ज्यांच्या विक्रीला स्थानिक जाळे लागत नाही आणि ज्यांवर दर्जाच्या नियमांचा किंवा पाटनविरोधी शुल्काचा (फार स्वस्तात पाठवलेल्या परदेशी मालावरील जादा शुल्काचा) अडसर नाही, तिथे आयात हीच उत्तम शिस्त आहे, आणि तिथे आयोगाने हात घालू नये असेच मी म्हणेन. परंतु गरीब कुटुंबाच्या खर्चाचा मोठा भाग अशा गोष्टींवर जातो, ज्या सहसा आयात होत नाहीत: प्रवास, वीज, औषधाच्या दुकानातील विक्री, दवाखाना, बांधकाम. सिमेंट आयात करता येते, पण वजनाच्या मानाने त्याची किंमत इतकी कमी असते की किनाऱ्यापासून थोडे आत गेले की वाहतूक परवडत नाही. शिवाय आयात करणारा कोण, हा प्रश्न राहतोच. बंदरावरील साठवणूक आणि देशभरचे वितरक ज्याच्या ताब्यात आहेत, तो देशी उत्पादकच अनेकदा सर्वांत मोठा आयातदारही होतो, आणि मग परदेशी माल त्याच्या स्पर्धेला येण्याऐवजी त्याच्याच गोदामात येतो.

चिलीचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. लॅटिन अमेरिकेत सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक खुल्या झालेल्या या देशात औषधांच्या किरकोळ विक्रीचा सुमारे नव्वद टक्के बाजार तीन साखळी दुकानांकडे होता. 2007 च्या अखेरीस आणि 2008 मध्ये या तिघींनी मिळून 200 हून अधिक औषधांचे भाव वाढवल्याचे सिद्ध झाले, आणि 2012 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने दोन साखळ्यांवरील दंड कायम केला; तिसरीने आधीच कबुली दिली होती. औषध कुठूनही आणता येत होते, पण ते ग्राहकाच्या हाती पडण्याची वाट या तीन काउंटरांवरूनच जात होती. जगातील दोन सर्वांत खुल्या अर्थव्यवस्था, म्हणजे सिंगापूर आणि हाँगकाँग, यांच्याकडे दीर्घकाळ सर्वंकष स्पर्धा कायदा नव्हता, आणि खुला व्यापार पुरेसा आहे असे म्हणणारे त्यांच्याकडे बोट दाखवत असत. सिंगापूरने 2004 मध्ये असा कायदा केला. हाँगकाँगने 2012 मध्ये केला आणि 2015 च्या डिसेंबरपासून तो पूर्णपणे लागू केला. इतक्या खुल्या ठिकाणी ज्याची गरज भासली, त्याची गरज मोठ्या, आत पसरलेल्या, रस्ते कमी असलेल्या देशाला भासणार नाही, हे मला पटत नाही.

वेळेचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, म्हणून त्यावर जरा थांबतो. खासगीकरण करताना सरकारला दोन गोष्टी हव्या असतात: विक्रीतून जास्तीत जास्त पैसा आणि पुढे निकोप स्पर्धा. या दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, कारण मक्तेदारीसकट विकलेला उद्योग नेहमीच अधिक किमतीला जातो. अर्थखात्याला पैसा याच वर्षी दिसतो. स्पर्धेचा लाभ पुढची वीस वर्षे थोडा थोडा मिळणार असतो आणि तो मागणारे कोणी त्या टेबलावर बसलेले नसते. स्पर्धा आयोग असेल, तर ती बाजू मांडणारे निदान एक अधिकृत तोंड असते.

मेक्सिकोने 1990 मध्ये टेलमेक्स ही सरकारी दूरध्वनी कंपनी एकसंध विकली आणि लांब पल्ल्याच्या सेवेत तिला 1996 पर्यंत स्पर्धेपासून संरक्षण दिले. स्पर्धा कायदा आला तो त्यानंतर, 1992 मध्ये, आणि त्या आयोगाच्या आदेशांना न्यायालयात वर्षानुवर्षे आव्हाने मिळत गेली. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या 2012 च्या एका अभ्यासाने असा अंदाज मांडला, की 2005 ते 2009 या काळात दूरसंचार क्षेत्रातील स्पर्धेच्या अभावामुळे मेक्सिकोचे सुमारे 129 अब्ज डॉलरचे, म्हणजे दरवर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 1.8 टक्के इतके नुकसान झाले. या आकड्यावर वाद झाले, पण दिशेबद्दल फारसे दुमत नव्हते. अखेर 2013 मध्ये राज्यघटनाच दुरुस्त करून दूरसंचारासाठी नवी स्वायत्त संस्था उभी करावी लागली. 2014 मध्ये तिने सर्वांत मोठ्या समूहावर विशेष बंधने घातली, आणि 2015 च्या सुरुवातीपासून देशांतर्गत लांब पल्ल्याच्या कॉलचे वेगळे शुल्कच रद्द झाले. जे काम 1990 मध्ये विक्रीच्या करारातील काही कलमांनी झाले असते, त्याला घटनादुरुस्ती लागली आणि मध्ये जवळपास पाव शतक गेले. याउलट पोलंडने जानेवारी 1990 मध्ये आर्थिक सुधारणा सुरू केल्या आणि फेब्रुवारीतच मक्तेदारीविरोधी कायदा केला, त्यामुळे सरकारी उद्योगांचे रूपांतर होत असताना ते कोणत्या आकारात व्हावे याबद्दल त्या यंत्रणेला बोलता आले.

भारताची गोष्ट या दोहोंच्या मधली आहे, आणि ती मला नेहमीच खंत वाटायला लावते. तिथे 1969 चा मक्तेदारी आणि निर्बंधात्मक व्यापार प्रथा कायदा होता, जो 1970 मध्ये लागू झाला. त्याचा मुख्य रोख आर्थिक सत्तेच्या केंद्रीकरणावर होता; ठरावीक मालमत्तेपेक्षा मोठ्या कंपनीला विस्तारासाठी किंवा विलीनीकरणासाठी सरकारची परवानगी लागे. 1991 मध्ये उदारीकरणासोबत हा भाग काढून टाकण्यात आला. विस्तारावरचे बंधन काढले हे योग्यच झाले. पण त्याबरोबर विलीनीकरणाची आगाऊ तपासणीही गेली, आणि तिच्या जागी काहीच आले नाही. नव्या स्पर्धा कायद्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या राघवन समितीचा अहवाल 2000 मध्ये आला, स्पर्धा कायदा 2002 चा, पण आयोगाच्या रचनेबद्दलची याचिका, 2005 मधील सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आणि 2007 ची दुरुस्ती, या सगळ्यांतून जात संगनमत आणि वर्चस्वाच्या गैरवापराची कलमे 20 मे 2009 रोजी लागू झाली, तर विलीनीकरणाची कलमे 1 जून 2011 रोजी. म्हणजे देशी-विदेशी कंपन्यांनी एकमेकींचे व्यवसाय आणि ब्रँड सर्वाधिक वेगाने विकत घेतले, ती वीस वर्षे स्पर्धेच्या दृष्टीने तपासणीविना गेली. 1993 मध्ये कोका-कोला भारतात परतली आणि तिने थम्स अप, लिम्का हे त्या वेळचे आघाडीचे देशी ब्रँड विकत घेतले. तो व्यवहार तपासून मंजूर झाला असता की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण बाजारावर त्याचा काय परिणाम होईल, हा प्रश्न व्यवहाराआधी विचारण्याचा अधिकार तेव्हा कोणत्याही स्पर्धाविषयक यंत्रणेकडे नव्हता.

देशाबाहेरून होणाऱ्या हानीचा विचार उदारीकरणाच्या चर्चेत सहसा येतच नाही. व्यापार खुला झाला की आयात वाढते, आणि आयात ज्यांच्याकडून होते त्यांनी आपसात संगनमत केलेले असेल, तर देश स्वस्त मालाऐवजी दुसऱ्यांनी ठरवलेली किंमत आयात करतो. नव्वदच्या दशकात जीवनसत्त्वांच्या मोठ्या युरोपीय आणि जपानी उत्पादकांनी जगभरचे भाव आणि हिस्से वाटून घेतले होते. अमेरिकेने 1999 मध्ये एकट्या रोश कंपनीला 50 कोटी डॉलरचा दंड केला, युरोपीय आयोगाने 2001 मध्ये सर्व मिळून सुमारे 85 कोटी युरोंचा. जीवनसत्त्वे पशुखाद्यात आणि औषधांत जातात, त्यामुळे वाढीव किंमत अनेक विकसनशील देशांनीही मोजली, पण ज्यांच्याकडे कायदा नव्हता त्यांना काहीच करता आले नाही. युक्रेन, इक्वेडोर, पनामा आणि ऑस्ट्रेलिया येथील खरेदीदारांनी अमेरिकेच्या न्यायालयात भरपाई मागून पाहिली. 2004 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की परदेशात झालेली हानी अमेरिकेतील परिणामांपासून स्वतंत्र असेल, तर तिची दाद अमेरिकी स्पर्धा कायद्याखाली मागता येणार नाही. मला हा निर्णय कायद्याच्या दृष्टीने चुकीचा वाटत नाही. पण त्याचा व्यावहारिक अर्थ प्रत्येक विकसनशील देशाने नीट समजून घ्यायला हवा, की आपल्या ग्राहकाची दाद आपल्याच कायद्याखाली लागेल, दुसरे कोणी लावणार नाही.

शिवाय काही संगनमत परदेशात कायदेशीरच असते. अमेरिकेच्या 1918 च्या वेब-पॉमरीन कायद्याने केवळ निर्यातीसाठी केलेल्या उत्पादकांच्या एकत्रीकरणाला सूट दिली आहे. अशाच एका संघाकडून येणाऱ्या सोडा अ‍ॅशच्या (काच आणि साबणासाठी लागणाऱ्या रसायनाच्या) निर्यातीविरुद्ध भारतातील जुन्या मक्तेदारी आयोगाने 1996 मध्ये मनाई दिली, परंतु 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण जुना कायदा परदेशात झालेल्या कराराला हात घालण्याचा अधिकार आयोगाला देत नव्हता. न्यायालय कायद्याच्या शब्दांपलीकडे जाऊ शकत नव्हते. त्याच वर्षीच्या नव्या कायद्यात 32 वे कलम घालून हा अधिकार स्पष्ट शब्दांत देण्यात आला: करार कुठेही झाला असो, त्याचा परिणाम भारतीय बाजारावर होत असेल तर आयोग चौकशी करू शकतो. नव्याने कायदा करणाऱ्या देशाने हे एक कलम तरी विसरू नये. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे, की भारताच्या कायद्यातही केवळ निर्यातीसाठीच्या करारांना सूट आहे. दुसऱ्यांच्या ज्या सुटीचा आपल्याला त्रास होतो, तीच आपणही देतो. या विषयावर जागतिक करार करण्याचा प्रयत्न जागतिक व्यापार संघटनेत झाला होता, पण 2003 मधील कानकुन परिषदेनंतर, 2004 मध्ये, तो विषय वाटाघाटींतून वगळला गेला, आणि त्याला विरोध करणाऱ्यांत भारतासह अनेक विकसनशील देश होते. लादल्या जाणाऱ्या नियमांची त्यांची भीती समजण्यासारखी होती. मात्र जागतिक करार नाही म्हणून देशांतर्गत कायद्याचे महत्त्व वाढते, कमी होत नाही.

आता पहिल्या शंकेकडे येतो. आपल्या कंपन्या मोठ्या व्हायला हव्यात आणि हा कायदा त्यांना लहानच ठेवील, ही भीती बहुधा जुन्या मक्तेदारीविरोधी कायद्यांच्या आठवणीतून येते. 1969 च्या भारतीय कायद्यात आकार हाच संशयाचा विषय होता, हे खरे. आधुनिक स्पर्धा कायद्यात मोठे असणे गुन्हा नाही, वर्चस्व असणेही गुन्हा नाही. वर्चस्वाचा गैरवापर करणे गुन्हा आहे, उदाहरणार्थ स्पर्धकाला संपवण्यासाठी खर्चाखाली विकणे, वितरकाने दुसऱ्याचा माल ठेवला तर पुरवठा तोडणे, किंवा एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यायला भाग पाडणे. विलीनीकरणाची पूर्वसूचनाही ठरावीक मर्यादेहून मोठ्या व्यवहारांबाबतच द्यावी लागते, आणि जगभर अशा सूचनांपैकी फार थोड्यांना प्रत्यक्षात मनाई होते. संयुक्त उपक्रमातून खरोखर उत्पादन किंवा वितरण सुधारत असेल, तर त्याला भारताच्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमातही वाट ठेवलेली आहे.

मला उलट असे वाटते, की देशी कंपनीच्या वाढीला सर्वांत मोठा अडथळा तिच्या आधी बाजारात बसलेल्या दुसऱ्या देशी कंपनीचा असतो. पोलाद, सिमेंट, खत, मालवाहतूक, बंदर, पतपुरवठा यांतील संगनमताचा पहिला फटका ग्राहकाआधी छोट्या उत्पादकाला बसतो, कारण त्याचा कच्चा माल महाग होतो आणि निर्यातीच्या बाजारात त्याला ती वाढ कोणाकडून वसूल करता येत नाही. दक्षिण कोरियाचे उदाहरण दोन्ही बाजूंनी दिले जाते. त्या देशाने मोठे उद्योगसमूह सरकारी पाठबळाने उभे केले, हे खरे. पण 1980 मध्ये, जेव्हा तो विकसनशीलच होता, तेव्हा त्याने मक्तेदारी नियमन आणि न्याय्य व्यापाराचा कायदाही केला, कारण ज्यांना वाढवले त्यांच्याच छायेत नवे काही उगवत नाही हे त्याच्या धोरणकर्त्यांच्या लक्षात येऊ लागले होते.

सरकार स्वतःच स्पर्धेला अडथळा असते, हेही इथेच बोलायला हवे. इंडोनेशियात सुहार्तो यांच्या काळात लवंगेच्या खरेदीची मक्तेदारी अध्यक्षांच्या मुलाच्या संस्थेकडे होती; शेतकऱ्यांचे नुकसान करणारी ती व्यवस्था 1998 च्या आर्थिक संकटात मोडली, आणि 1999 मध्ये तिथे स्पर्धा कायदा झाला. अशी सरकारी मक्तेदारी कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली, तर कायद्याचा निम्मा उपयोग संपतो. भारतात कोल इंडियाने असाच युक्तिवाद केला होता, की कोळशाचे राष्ट्रीयीकरण सार्वजनिक हितासाठी झाले असल्याने स्पर्धा कायदा तिला लागू नाही. जून 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. नव्या कायद्यात सरकारी कंपन्यांना सरसकट सूट देऊ नये, आणि मंत्रालयांच्या प्रस्तावित नियमांवर आयोगाला आपले मत जाहीरपणे देता यावे, या दोन तरतुदी मी दंडाच्या रकमेइतक्याच महत्त्वाच्या मानतो.

राहिली अंमलबजावणीची शंका, आणि ती सर्वांत खरी आहे. सिमेंट प्रकरणाकडे परत येतो. 2012 चा तो आदेश अपिलीय न्यायाधिकरणाने डिसेंबर 2015 मध्ये रद्द केला. गुणवत्तेवर नव्हे, तर सुनावणीला हजर नसलेल्या अध्यक्षांनी अंतिम आदेशावर सही केली, हे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाविरुद्ध आहे म्हणून. आयोगाने पुन्हा ऐकून ऑगस्ट 2016 मध्ये सुमारे 6,700 कोटींचा नवा आदेश दिला, 2018 मध्ये तो अपिलात टिकला आणि मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एका प्रक्रियेच्या चुकीने चार वर्षे गेली. आरोपींच्या बाजूने उभे राहिलेल्या माझ्यासारख्याला हे चांगलेच ठाऊक आहे, की आर्थिक विश्लेषणावर हल्ला करण्यापेक्षा प्रक्रियेतील ढिसाळपणावर हल्ला करणे सोपे असते आणि बहुतेक वेळा पुरेसेही असते. म्हणून नव्या आयोगाने पहिल्या दोन वर्षांत अर्थतज्ज्ञ जमवण्याइतकेच लक्ष सुनावणी, नोटीस, गोपनीय कागद आणि कारणांसह आदेश लिहिण्याच्या शिस्तीकडे द्यावे.

माणसे कमी असतील, तर कामाचा क्रम लावावा लागतो. वर्चस्वाच्या गैरवापराची प्रकरणे अवघड असतात: बाजाराची व्याख्या, खर्चाचे हिशेब, वर्तनामागील हेतू, आणि चूक झाली तर प्रामाणिक स्वस्ताईलाही शिक्षा होण्याचा धोका. अनुभव नसलेल्या यंत्रणेने तिथून सुरुवात करू नये. सुरुवात संगनमतापासून करावी, आणि त्यातही सरकारी निविदांतील संगनमतापासून, कारण तिथे नुकसान थेट तिजोरीचे असते, माल एकच असतो आणि कागद सरकारच्याच कपाटात असतात. भारतीय अन्न महामंडळाने धान्य साठवणुकीत वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांसाठी 2009 मध्ये निविदा काढली, तेव्हा तीन उत्पादकांनी किलोला 388 रुपये असा एकच भाव भरला होता. महामंडळाने तक्रार केली, मागच्या वर्षांच्या निविदा काढून पाहिल्यावर तोच नमुना दिसला, आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संगनमताचा निष्कर्ष कायम ठेवला. दंड मात्र कंपनीच्या एकूण उलाढालीवर न लावता त्या वस्तूपुरत्या उलाढालीवर लावावा असे न्यायालयाने ठरवले. 2023 च्या दुरुस्तीने संसदेने ती मर्यादा पुन्हा बदलली. दंड कशाच्या किती टक्के, हे मूळ कायद्यातच निःसंदिग्ध लिहिले असते तर हा वाद उद्भवलाच नसता.

दुसरे साधन म्हणजे कबुलीजबाबाची सवलत. जो प्रथम येऊन संगनमताची माहिती देईल त्याचा दंड माफ किंवा बराच कमी, या एका नियमाने तपासाचा बराच भार हलका होतो, कारण संगनमत करणाऱ्यांचा आपसातला विश्वासच डळमळतो. पण ही सवलत तेव्हाच चालते, जेव्हा पकडले जाण्याची भीती खरी असते. एकही प्रकरण शेवटापर्यंत न नेलेल्या आयोगाकडे कबुली द्यायला कोणी येत नाही. भारतात ही तरतूद 2009 पासून होती, तिचा लाभ देणारा पहिला आदेश मात्र 2017 च्या जानेवारीत, रेल्वेच्या पंख्यांच्या निविदांच्या प्रकरणात आला. फारच लहान देशांनी तर शेजाऱ्यांसोबत सामाईक यंत्रणा उभारण्याचा विचार करावा. आफ्रिका खंडाच्या पूर्व आणि दक्षिण भागातील देशांच्या कोमेसा या गटाने मलावीतील लिलाँग्वे येथे असा आयोग 2013 पासून चालवला आहे, आणि एकाहून अधिक सदस्य देशांवर परिणाम करणारी विलीनीकरणे तो तपासतो.

आणि हे सारे उभे राहण्याआधीही एक काम आजपासून करता येते, त्याला कायदा लागत नाही. सरकारी खरेदीच्या प्रत्येक निविदेत कोणी कोणत्या दिवशी किती भाव भरला, कोण हरले आणि हरलेल्याला पुढे त्याच कामाचे उपकंत्राट मिळाले का, ही माहिती सर्व खात्यांनी एकाच नमुन्यात, संगणकावर जतन करावी. आयोग स्थापन होईल त्या दिवशी त्याच्या हाती पाच वर्षांचे असे आकडे असतील, तर त्याचे पहिले प्रकरण त्या आकड्यांतच सापडेल.